शिक्षा एकाची, अर्ज दुसऱ्याचा

परदेशी स्थायिक झालेल्या जोडीदाराच्या आधाराने त्या देशात कायमचे वास्तव्य मिळविणे, हे काम वरवर पाहता कागदपत्रांचे आणि धीराचे वाटते. विवाहाचा दाखला आहे, छायाचित्रे आहेत, शुल्क भरले आहे. मग विलंब झाला तरी परवाना मिळणारच, अशी समजूत घरोघर आढळते. परंतु अशा अर्जावर नावे दोन असतात. एक येऊ इच्छिणाऱ्याचे, आणि दुसरे त्याला बोलावणाऱ्याचे. बोलावणाऱ्याच्या पूर्वायुष्यात एखादा गुन्हा शाबीत होऊन त्यास शिक्षा झाली असेल, तर तिचा परिणाम येणाऱ्याच्या अर्जावर होतो काय?

बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील कितीतरी मराठी घरांतून मुली आणि मुलगे विवाहानंतर अमेरिकेस जातात. म्हणून हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. त्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. कोणी म्हणतात, नवऱ्याला कधीकाळी शिक्षा झाली असेल तर बायकोचा अर्ज निकालात निघालाच. कोणी म्हणतात, गुन्हा त्याचा, शिक्षा त्याची. तिच्या अर्जाशी त्याचा संबंधच काय? वस्तुस्थिती या दोहोंच्या मधली आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परदेशीयांच्या प्रवेशाचा मूळ कायदा सन १९५२ चा आहे. त्यात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण सांगाडा तोच राहिला. त्यानुसार पत्नीस अथवा पतीस बोलाविण्याच्या कामाचे दोन टप्पे पडतात. पहिला टप्पा बोलावणाऱ्याचा. अमेरिकेचा नागरिक, किंवा ग्रीन कार्ड बाळगणारा कायम रहिवासी, ‘आय-१३०’ या नमुन्यावर विनंतिअर्ज करतो. त्यास ‘स्पॉन्सर’, म्हणजे पुरस्कर्ता, म्हणतात. या टप्प्यावर मुख्यतः दोन गोष्टी पाहिल्या जातात : पुरस्कर्ता खरोखरच नागरिक वा कायम रहिवासी आहे काय, आणि विवाह खरा आहे काय. दुसरा टप्पा येणाऱ्याचा. तिने अथवा त्याने स्वतः अर्ज करावयाचा. तेथे अर्जदाराचे चारित्र्य, आरोग्य, पूर्वीचे गुन्हे आणि पूर्वी नियम मोडून केलेले वास्तव्य यांची छाननी होते.

या विभागणीतच उत्तराचा पहिला भाग आहे. गुन्ह्यामुळे प्रवेश नाकारण्याची कायद्यातील कलमे अर्जदाराला उद्देशून आहेत, पुरस्कर्त्याला उद्देशून नाहीत. पतीने तरुणपणी चोरी केली असेल, मद्य पिऊन मोटार हाकल्याबद्दल त्याला दंड झाला असेल, अफरातफरीबद्दल तो तुरुंगात जाऊन आला असेल, तरी एवढ्यानेच पत्नीचा अर्ज फेटाळता येत नाही. तो नागरिक असेल, तर शिक्षेमुळे त्याचे नागरिकत्व जात नाही आणि पत्नीला बोलाविण्याचा हक्कही सामान्यतः जात नाही. एकाच्या अपराधाचे प्रायश्चित्त दुसऱ्याने घ्यावे, असे कायदा म्हणत नाही.

परंतु या सामान्य नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि त्यामागे एका बालकाच्या मृत्यूची कथा आहे. जुलै १९८१ मध्ये फ्लोरिडा संस्थानातील हॉलिवुड या गावी ॲडम वॉल्श नावाचा सहा वर्षांचा मुलगा एका मोठ्या दुकानातून नाहीसा झाला आणि पुढे त्याची हत्या झाल्याचे उघड झाले. त्याच्या अपहरणाला बरोबर पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, २७ जुलै २००६ रोजी, अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी बालसंरक्षणाच्या एका व्यापक कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यास ॲडम वॉल्शचेच नाव देण्यात आले. या कायद्याने प्रवेशाच्या नियमातही दुरुस्ती केली : अठरा वर्षांखालील व्यक्तीविरुद्ध ठराविक प्रकारचा गुन्हा ज्याच्यावर शाबीत झाला आहे, त्या नागरिकाला वा कायम रहिवाशाला आपल्या कुटुंबीयांसाठी विनंतिअर्ज करता येणार नाही. लैंगिक गुन्हे, बालकांच्या अश्लील चित्रांसंबंधीचे गुन्हे, आईबापांखेरीज अन्य कोणी केलेले अपहरण अथवा डांबून ठेवणे, हे त्या यादीत मोडतात.

येथे तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक, ही बंदी येणाऱ्याच्या वयावर अवलंबून नाही. पत्नी चाळीस वर्षांची असो, तिला मूलबाळ नसो, तरी पतीचा गुन्हा यादीत बसत असेल तर बंदी लागू होते. दोन, गुन्हा जुना आहे ही सबब चालत नाही. कायदा होण्यापूर्वी झालेल्या शिक्षेलाही तो लागू आहे, असा निर्णय परदेशीयांच्या प्रकरणांवरील अपील मंडळाने २०१४ मध्ये दिला. तीन, आपला गुन्हा या यादीत बसत नाही हे दाखविण्याची जबाबदारी पुरस्कर्त्यावरच आहे, हेही त्याच मंडळाने त्याच वर्षी ठरविले. गुन्ह्याचे नाव काय एवढ्यावर न थांबता प्रत्यक्ष काय घडले, हे पाहण्याची मुभा अधिकाऱ्याला असते.

मग वाट अगदीच बंद होते काय? कायद्याने एक फट ठेवली आहे. या पुरस्कर्त्यापासून येणाऱ्या व्यक्तीला कोणताही धोका नाही, असे अंतर्गत सुरक्षा खात्याचे मत झाले तर विनंतिअर्ज मान्य होऊ शकतो. पण तो निर्णय सर्वस्वी त्या खात्याच्या मर्जीचा आहे आणि त्यावर अपील मंडळाला काही करता येत नाही. पुराव्याची कसोटीही कडक आहे. खात्याच्या २००७ मधील सूचनेने अशी अपेक्षा ठेवली की, धोका नसल्याचे पुरस्कर्त्याने वाजवी शंकेस जागा न ठेवता सिद्ध करावे. वास्तविक ही कसोटी फौजदारी खटल्यात आरोपीला दोषी ठरविण्यासाठी सरकार पक्षाला लावतात. येथे ती नागरिकाला स्वतःची निरुपद्रविता सिद्ध करण्यासाठी लावली गेली. वैद्यकीय आणि मानसोपचारविषयक अहवाल, उपचार पूर्ण केल्याचे दाखले, न्यायालयाचे मूळ कागद हे सारे जोडूनही यश क्वचित येते.

दुसरी तरतूद विवाहापूर्वीच्या अवस्थेसाठी आहे. वाग्दत्त वधूला अमेरिकेत बोलावून तेथे विवाह करावयाचा असेल, तर ‘के’ वर्गाचा व्हिसा लागतो. जानेवारी २००६ मध्ये स्वाक्षरी झालेल्या विवाह-दलालांविषयीच्या कायद्याने या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यावर आपल्या काही शिक्षा सांगण्याचे बंधन घातले : कौटुंबिक हिंसाचार, लैंगिक अत्याचार, बालकांचा छळ, पाठलाग करून त्रास देणे, मनुष्यवध इत्यादी, तसेच मद्य वा मादक द्रव्यांसंबंधी तीन किंवा अधिक वेळा झालेली शिक्षा. या शिक्षांनी अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. परंतु ती माहिती वधूला कळविली जाते आणि वकिलातीतील अधिकारी मुलाखतीच्या वेळी तिच्याशी त्याविषयी बोलतो. ज्याच्या घरी जावयाचे तो कोण आहे, हे जाणण्याचा तिचा हक्क येथे कायद्याने मान्य केला.

आपल्याकडील रीतीमुळे यातून एक उणीव राहून जाते. पुष्कळ विवाह येथेच लागतात आणि मुलगी वाग्दत्ता म्हणून नव्हे, तर पत्नी म्हणून अर्ज करते. मुंबईतील अमेरिकन वकिलातीत तिची मुलाखत होते. पण ‘के’ व्हिसाच्या बाबतीतली ती माहिती देण्याची सक्ती या मार्गाला तशीच लागू नाही. म्हणजे जे वाग्दत्तेला सरकार सांगते, ते विवाहितेच्या कुटुंबाला स्वतः शोधावे लागते. सुदैवाने ते सर्वस्वी अशक्य नाही. अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यांतील दोषींची राष्ट्रीय सूची सर्वांना विनामूल्य पाहता येते, आणि ती नावावरून शोधता येते. अनेक ठिकाणच्या न्यायालयांच्या नोंदीही खुल्या असतात. मुलाचा पगार आणि घराचे क्षेत्रफळ यांची चौकशी करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या चौकशीत संकोच मानण्याचे कारण नाही.

आता आडवाटेने होणारे परिणाम. पहिला पैशाचा. सन १९९६ च्या कायद्याने पुरस्कर्त्याला न्यायालयात बजावता येईल असे हमीपत्र लिहून देणे भाग पाडले. सरकारने ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्न त्याने दाखवावयाचे असते. सैन्यात प्रत्यक्ष नोकरीवर असलेल्याने पत्नीस बोलाविले तर १०० टक्के पुरतात. जो तुरुंगात आहे, किंवा शिक्षेमुळे ज्याची नोकरी गेली आहे, तो हे उत्पन्न कोठून दाखविणार? अशा वेळी दुसरा नागरिक वा कायम रहिवासी सहजामीन म्हणून उभा राहू शकतो. ही हमी लहान नव्हे. येणारी व्यक्ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खाती सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत ती सामान्यतः चालू राहते. घटस्फोटानेही ती सुटत नाही. म्हणून नातलगाच्या भिडेखातर सही करणाऱ्याने आधी विचार करावा.

दुसरा परिणाम विवाहाच्या खरेपणाविषयी. पती-पत्नी एकत्र राहतात, त्यांचा संसार एक आहे, हे दाखवावे लागते. एक जण कारागृहात असेल तर एका घराचा पुरावा कोठून द्यावयाचा? अशा वेळी पत्रव्यवहार, भेटींच्या नोंदी, एकत्र खाती, आधीचा सहवास यांवर भिस्त ठेवावी लागते. तुरुंगात असलेल्या पुरस्कर्त्याची मुलाखतीस उपस्थिती माफ होऊ शकते. तथापि अर्जदाराची मुलाखत होतेच. पुरस्कर्त्याला पूर्वी खोटे दस्तऐवज किंवा लबाडीचा विवाह यांबद्दल शिक्षा झाली असेल, तर त्याच्या शब्दाचे वजन आणखी कमी होते.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर, आणि तो ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदारावर होतो. नागरिकाला देशाबाहेर घालविता येत नाही; कायम रहिवाशाला काही गुन्ह्यांबद्दल घालविता येते. त्याचा दर्जा गेला की त्याने केलेला विनंतिअर्ज आपोआप रद्द होतो, आणि पत्नीची वर्षानुवर्षांची प्रतीक्षा त्याबरोबर संपते. गुन्हा कबूल केल्यास देशातून जावे लागेल काय, हे वकिलाने परदेशीय आरोपीला सांगितलेच पाहिजे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात ठरविले. किरकोळ दंडावर सुटतो म्हणून घाईने दिलेली कबुली दोघांनाही महागात पडू शकते.

शेजारच्या कॅनडाने रेघ वेगळ्या जागी ओढली आहे. तेथे तुरुंगात असलेल्याला पुरस्कर्ता होता येत नाही. लैंगिक स्वरूपाचा वा गंभीर हिंसेचा गुन्हा, किंवा नातलगास शारीरिक इजा करणारा गुन्हा शाबीत झाला असेल तरीही मज्जाव आहे. मात्र शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे लोटली की ही आडकाठी सामान्यतः दूर होते. अमेरिकेच्या बंदीला काळाची मर्यादा नाही, पण गुन्ह्यांचे क्षेत्र आखूड आहे. एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाच्या अर्जाला लावणे म्हणून धोक्याचे.

शेवटचा प्रसंग असा की, गुन्हा त्या पत्नीविरुद्धच घडला आहे. विवाहास दोन वर्षे होण्यापूर्वी कायम वास्तव्य मिळाले, तर १९८६ च्या कायद्याप्रमाणे ते दोन वर्षांपुरते सशर्त असते, आणि अट काढण्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करावयाचा असतो. या एका सहीच्या धाकाखाली कितीतरी स्त्रिया मार खात राहतात. त्यांना ठाऊक नसते की छळ झाला असल्यास पतीच्या सहीवाचूनही ती अट काढून घेण्याचा अर्ज करता येतो. कायम वास्तव्य मिळण्याआधीच छळ सुरू झाला, तर १९९४ च्या कायद्याने छळ झालेल्या पत्नीला अथवा पतीला स्वतःच विनंतिअर्ज करण्याचा अधिकार दिला आहे; तो पतीला न कळविता करता येतो. घटस्फोट झाला असल्यास तो छळाशी निगडित असावा लागतो आणि अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. कौटुंबिक हिंसाचारामुळे पतीचे ग्रीन कार्ड गेले, तरीही दोन वर्षांपर्यंत तिचा हा हक्क शाबूत राहतो. येथे पतीची शिक्षा तिच्या वाटेतील धोंड ठरत नाही; उलट तिच्या बाजूचा पुरावा ठरते.

तेव्हा विचारावयाचे प्रश्न चार : पुरस्कर्ता नागरिक आहे की कायम रहिवासी, गुन्हा नेमका कोणता आणि कोणाविरुद्ध, शिक्षेचे न्यायालयीन कागद हाती आहेत काय, आणि येणारी व्यक्ती त्या घरी सुरक्षित राहील काय. पहिल्या तिहींची उत्तरे परदेशीयांच्या कायद्यातील जाणत्या वकिलापुढे ठेवावीत, आणि अर्ज दाखल करण्यापूर्वी ठेवावीत. मुलाखतीत विचारले असता पतीचा गुन्हा लपविण्यासाठी पत्नीने खोटे सांगितले, तर तो तिचा स्वतःचा दोष ठरू शकतो, आणि जो प्रवेश त्याच्या शिक्षेने अडला नसता तो तिच्या असत्याने अडू शकतो. चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणताही वकील देऊ शकत नाही. ते घरच्या माणसांनी, तिकीट काढण्याआधी, मुलीसमोर बसून शोधावयाचे आहे.