परसातला टोमॅटो आणि आईचे मीठ

"आरं, ह्यात मीठ हाय का न्हाय?"

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात दोन्ही वेळच्या जेवणाला हा प्रश्न ठरलेला असे. आईचा रक्तदाब १७० वर ९६ निघाला होता. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करा म्हणून बजावले. आईने गोळी घेतली, पण 'बरं वाटतंय' म्हणून आठ-आठ दिवस सोडूनही दिली. मिठाचे तर विचारूच नका. बिनमिठाची आमटी तिने दोन दिवस खाल्ली, तिसऱ्या दिवशी ताट सरकवले आणि म्हणाली, "ह्यो आजाऱ्याचा घास मला गिळत न्हाय." पुढे तिचे जेवणच कमी झाले. एका सकाळी मोरीपाशी भोवळ येऊन ती बसली, तेव्हा मात्र आम्ही सगळे घाबरलो.

मीठ कमी करायचे तर त्याच्या जागी जिभेला दुसरे काही तरी द्यावे लागते, हे त्या वेळी उमगले. लिंबू, कोकम, चिंच, लसूण, जिरे हे सारे त्यासाठी उपयोगी आहेतच. पण आमच्या घरात जे कामी आले ते परसातले मोठ्या फळाचे टोमॅटो. ते बियांपासून कसे वाढवले, त्यात काय चुकले आणि काय शिकलो, ते आज वाचकांसमोर ठेवतो.

मिठाला टोमॅटोची साथ

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. त्यात लोणचे, पापड, फरसाण, खारे शेंगदाणे, सुकी मासळी यांतले मीठही धरायचे असते. आपण नेमके तेच विसरतो.

पिकलेल्या टोमॅटोत आंबटपणा आणि गोडी असतेच, शिवाय ग्लुटामेट नावाचा नैसर्गिक घटक असतो. पदार्थाला 'भरलेली' चव येते ती त्याच्यामुळे. बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात तो अधिक असतो, म्हणून चव हवी असेल तर तो गर काढून टाकू नये. टोमॅटोत पोटॅशियमही असते. आहारात सोडियम कमी आणि पोटॅशियम पुरेसे असेल तर रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत होते. ज्याला लाल रंग येतो ते लायकोपीन तेलात थोडे शिजवल्यावर शरीराला अधिक मिळते, तर क जीवनसत्त्व कच्च्या फोडीतून अधिक मिळते. म्हणून दोन्ही प्रकारे खावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. टोमॅटो हे रक्तदाबाचे औषध नव्हे. औषध ते औषधच. टोमॅटोने आमच्याकडे केले ते एवढेच की, कमी मिठाचे जेवण आईच्या घशाखाली उतरू लागले.

मोठे फळ, मोठी जोखीम

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतले. त्यांची फळे वाटाण्याएवढी, आत दोनच कप्पे. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून फळ मोठे केले, तसे आतले कप्पेही वाढले. मोठा टोमॅटो आडवा कापला की अनेक कप्प्यांची नक्षी दिसते ती त्यामुळेच. २०२० साली अमेरिकेत सुमारे ४.९ किलोचा एकच टोमॅटो पिकवून जागतिक विक्रम झाला. आपल्याला असला विक्रम नको. भाकरीवर एक चकती ठेवली की भाकरीचा मधला भाग झाकावा, एवढे फळ पुरे.

बाहेरच्या देशांतील 'पाँडेरोसा'सारख्या जातींचे फळ पाव किलोच्या पुढे जाते. पण फळ जितके मोठे, तितके ते पिकायला वेळ लागतो, आणि तितके दिवस ऊन, पाणी आणि किडींच्या तोंडी राहते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का विकास' ही सरळ जात साधारण ८० ते ९० ग्रॅमचे फळ देते. त्याच संस्थेची 'अर्का रक्षक' ही संकरित जात ९० ते १०० ग्रॅमची, आणि पाने मुरडण्याचा विषाणूरोग, मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद न देणारी. नवख्याने चार रोपे यांची आणि हौस म्हणून दोनच रोपे पाव किलोवाल्याची लावावीत. फळ मोठे म्हणून ते अधिक पौष्टिक असते असेही नाही.

गणपती गेले की बी, दसऱ्याला रोप

आपल्या भिगवण, इंदापूर भागात मोठ्या फळाला हिवाळाच मानवतो. दिवसा ३५ अंशांच्या वर ऊन आणि रात्रीही उकाडा असला की फूल गळते. फळ धरलेच तर रंग पिवळट राहतो, कारण कडक उष्णतेत लायकोपीन नीट तयार होत नाही. म्हणून गणपती गेले की बी टाकावे. दसऱ्याच्या सुमारास रोपे लावणीला येतात, उजनीच्या पाणलोटावर फ्लेमिंगो उतरू लागतात तेव्हा झाडाला फळ धरते, आणि संक्रांतीच्या सुगडांबरोबर पहिला लाल टोमॅटो हाती येतो.

बुडाला भोके पाडलेल्या ट्रेमध्ये किंवा जुन्या डब्यात चाळलेले गांडूळखत आणि कोकोपीट निम्मे निम्मे भरावे. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकावे आणि झारीने हलके पाणी द्यावे. पाच ते आठ दिवसांत कोंब दिसतो. कोंब दिसताच ट्रे उजेडात आणावा, नाहीतर रोप लुळे आणि लांबडे होते. वरून बारीक छिद्रांची नायलॉन जाळी जरूर लावावी, कारण पांढरी माशी कोवळ्या रोपांतच विषाणू सोडते. एकदा पाने मुरडली की त्या झाडाला औषध नाही, ते उपटूनच टाकावे लागते.

तंबाखू मळलेल्या किंवा मिश्री लावलेल्या हाताने रोपाला हात लावू नये. तंबाखूतला विषाणू टोमॅटोलाही लागतो. आमच्या घरी हा नियम झाडासाठी केला आणि आईची मिश्री दिवसातून चारदा होती ती एकदावर आली. तीही सुटावी म्हणून आमचे प्रयत्न चालू आहेत.

चार-पाच पाने आलेले, २५ ते ३० दिवसांचे रोप संध्याकाळी लावावे. दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवावे. खड्ड्यात चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी. जागा नसेल तर निदान १५ ते २० लिटरची बादली किंवा कुंडी घ्यावी. लहान कुंडीत झाड जगते, पण फळ मोठे होत नाही. त्याच दिवशी शेजारी पाच-सहा फुटांची काठी रोवावी. नंतर रोवली तर मुळे तुटतात.

भिगवणला मासळीला तोटा नाही. कोणी सांगितले म्हणून मी चिलापीची डोकी खड्ड्यात पुरली. रात्रीतून मांजरांनी वाफा उकरला आणि आठ रोपांपैकी पाच गेली. तेव्हा कच्ची घाण पुरू नये. आधी कुजवून खत करावे, मग घालावे.

काळ्या बुडाचे कोडे

पहिल्या वर्षी फळे मुठीएवढी झाली आणि एका आठवड्यात एकेकाचे बूड काळे पडू लागले. वरून फळ तुकतुकीत, खाली चामड्यासारखा काळा डाग. आईने हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, "नजर लागली." शेजारी म्हणाले, कॅल्शियम कमी पडले, चुना घाला. मी चुनाही घातला. उपयोग शून्य.

बूड काळे पडते ते फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पोचल्यामुळे, हे खरे. पण आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमचा दुष्काळ क्वचितच असतो. कॅल्शियम फळापर्यंत जाते ते पाण्याबरोबर. पाण्यात खंड पडला की तेही वाटेतच राहते. झाड आधी पानांची तहान भागवते, फळाच्या टोकाला शेवटचा वाटा मिळतो. फळ मोठे असेल तर तुटवडा लवकर दिसतो. जमिनीत किंवा बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असले तरी मुळांना पाणी ओढणे जड जाते. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर ती खूण समजावी. माती-पाणी तपासून घ्यायचे तर बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे.

माझे चुकत होते ते हेच. आठवण झाली की दोन बादल्या ओतायच्या, मग तीन दिवस विसरायचे. भरमसाट पाण्याने पिकते फळ तडकायचे आणि कोरड्या दिवसांत दुसऱ्याचे बूड काळे व्हायचे. आणि हे सगळे समजून घेत असताना एकाएकी लक्षात आले की, आईच्या गोळीचेही आमच्या घरात असेच चालले होते. बरे वाटले की बंद, भोवळ आली की सुरू. रक्तदाबाची गोळी बहुधा रोज आणि वेळेवर घ्यायची असते. बरे वाटते ते गोळी चालू असते म्हणूनच, आणि ती बंद करायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

मग दुसऱ्या वर्षी झाडांच्या पाण्याचे काम आईकडेच दिले. सकाळी सात वाजता आधी तिची गोळी, मग प्रत्येक झाडाला दोन तांबे पाणी. बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचा चार बोटे जाड थर टाकला, म्हणजे ओल टिकते. उसाच्या आपल्या भागात पाचट कोणीही देतो, ते जाळण्यापेक्षा असे वापरावे. वाफ्यातली माती बोटभर खोल ओलसर लागली की त्या दिवशी पाणी कमी करायचे, हे आईला सांगावे लागले नाही. त्या हिवाळ्यात काळ्या बुडाची फळे दोनच निघाली. आणि गोळी एकही दिवस चुकली नाही.

फवारणीवाचून राखण

घरी पिकवण्याचा मोठा लाभ हा की, फळावर काय मारले ते आपल्याला ठाऊक असते. पान आणि खोड यांच्या बेचक्यात येणारी बगलफूट बोटानेच खुडावी. एका घोसात दोन-तीनच फळे ठेवावीत, म्हणजे ती पोसतात. मातीला टेकणारी खालची पाने काढावीत, करपा तिथून चढतो. कडेने झेंडू लावला तर फळ पोखरणारी अळी बरीचशी तिकडे वळते. तरीही रोज सकाळी पानांखाली पाहून अळी हाताने वेचावी. किडी वाढल्याच तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. बाजारातला टोमॅटो मात्र वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याशिवाय खाऊ नये.

फळाचा रंग फिरू लागला की तोडून घरात ठेवले तरी चालते, पाखरांपासून वाचते. पुरते पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नये, चव मरते.

बी राखायचे तर सरळ जातीचेच राखावे. संकरित जातीच्या बियांतून मूळ झाड येत नाही. पहिल्या, निरोगी आणि पूर्ण पिकलेल्या फळाचा गर पेल्यात दोन-तीन दिवस आंबवावा, तळाला बसलेले बी धुऊन सावलीत वाळवावे आणि कागदी पुडीत जात व साल लिहून ठेवावे.

कोणी जपावे

मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या औषधाने रक्तातले पोटॅशियम वाढू शकते त्यांनी, टोमॅटो किती खावा ते डॉक्टरांना विचारावे. 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून मिळणाऱ्या मिठातही पोटॅशियम असते, तेही अशांनी विचारूनच वापरावे. ज्यांना घशाशी आंबट येते त्यांनी रात्रीच्या जेवणात टोमॅटो टाळावा. टोमॅटोचा पाला आणि खोड खाऊ नये, जनावरांनाही घालू नये.

आता आईची न्याहारी ठरलेली आहे. ज्वारीची भाकरी, वर टोमॅटोची जाड चकती, तिच्यावर भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसूण आणि चार थेंब तेल. मीठ नाही. आमटीत टोमॅटो तेलावर परतून घातला की निम्म्या मिठात भागते. मागच्या तपासणीत रक्तदाब १३८ वर ८४ होता. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली.

परवा मी गडबडीत सकाळी पाणी घालायला स्वतःच निघालो, तर आईने तांब्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. तुझं एक दिस आड असतंय."