अंतर किलोमीटरचे, प्रवास घटकांचा

पेडणे तालुक्यातील मोपा येथून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमाने उडू लागली आणि आपल्या चिमुकल्या गोव्यात दोन विमानतळ झाले. दाबोळी ते मोपा हे हवाई अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. उत्तरेस परुळ्याजवळच्या चिपीच्या माळावरील सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. तोही मोपापासून सरळ रेषेत सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर. एवढ्या टप्प्यात विमान पुरते उंची गाठण्याआधीच उतरू लागेल.

बालरोगतज्ज्ञाला या हिशेबात रस असण्याचे कारण निराळे. जन्मजात हृदयविकार असलेले अर्भक मुंबईस न्यायचे ठरले, की पालक विचारतात, “डॉक्टर, विमानाला किती वेळ लागतो?” मोपा ते मुंबई अंतर सुमारे ३९० किलोमीटर, ताशी आठशेच्या वेगाने अर्धा तास. वेळापत्रक मात्र सव्वा तासाच्या आसपास सांगते, कारण धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण आणि मुंबईच्या आकाशातील ताटकळ त्यात धरलेली असते. डिचोलीच्या मातेचा प्रवास तर घराच्या उंबरठ्यापासूनच सुरू होतो. मी पालकांना घरापासून रुग्णालयातील खाटेपर्यंतचे तास मोजावयास सांगतो. पाच-सहा सहज भरतात.

अंतर तेच राहून वेळ कसा पालटतो, हे पणजीकरांना सांगायला नको. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील पूल कोसळला. पणजी-बेती अंतर एका वावानेही वाढले नव्हते, पण रुग्णाच्या नातलगांना फेरीबोटीची वाट पाहण्याखेरीज गत्यंतर उरले नाही.

विमानातील हवेचाही विचार हवा. आतील दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तसा असतो. आठ हजार फुटांच्या तोडीच्या दाबात मिळणारा प्राणवायू म्हणजे समुद्रसपाटीवर एकवीसऐवजी सुमारे पंधरा टक्के प्राणवायूची हवा घेणे. निरोगी बाळ ते निभावून नेते; आधीच निळसर पडलेल्या बाळासाठी प्राणवायूची सोय आगाऊ करावी लागते. कोंडलेली हवा तिथे सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, म्हणून फुप्फुसाभोवती हवा साठलेल्या अर्भकास नळी घातल्यावाचून विमानात चढवू नये. धडधाकट बाळाला उतरताना अंगावर पाजावे. गिळण्याने कान मोकळे होतात. हा साधा उपाय कित्येक सुशिक्षित मातांनाही ठाऊक नसतो, याचे मला नवल वाटते.

माझ्या मते अर्भकाला नेण्याचे सर्वांत सुरक्षित वाहन आईचे उदर. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हृदयाचा गंभीर दोष दिसला, तर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या शहरातच प्रसूती ठरवता येते. दिवस भरत आल्यावर विमान कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागतात व अखेरीस प्रवासच नाकारतात. तेव्हा अशा मातेने आठव्या महिन्यातच मुक्काम हलवावा.