तांब्याचा पत्रा आणि शिपाई

चित्र पाहताना लोक चित्रकाराचे नाव विचारतात. आमचे आयुष्य कामगारांत गेले, म्हणून आम्हांस आधी हत्यार दिसते आणि ते चालविणारा हात. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात शिपायांची जी छापील चित्रे निघाली, ती अशा नजरेने पाहण्याजोगी आहेत.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालणारा कारागीर हातोडीने ठोके देतो. तिकडचा कोरणारा ठोके देत नसे. पोलादी कोरणीची मूठ तळहातात घेऊन तो ती तांब्याच्या पत्र्यात पुढे रेटी. वळणाची रेघ हवी असली, तर वाळू भरलेल्या चामडी उशीवर पत्राच फिरवी. जोर वाढला की चर रुंद होई, कमी झाला की केसासारखा बारीक. मग चरांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांतून दाबून काढायचा. छापात चित्र उलटते. म्हणून पत्र्यावर सारे उलटे कोरावे लागे. नाहीतर उजवा शिपाई डावरा व्हायचा!

कवायतीच्या पुस्तकात तर ही चूक चालणारच नाही. असे एक पुस्तक हेग येथे १६०७ साली याकोब द गेइन याने काढले. त्यात हलक्या बंदुकीची ४२, जड बंदुकीची ४३ आणि भाल्याची ३२, अशी ११७ चित्रे आहेत. दारू ओतणे, गोळी ठासणे, तोडा फुंकणे, प्रत्येक हालचालीस वेगळे चित्र. गिरणीत कामाचे तुकडे पाडतात, तसेच हे. आरेखने गेइनची, त्याच्या कारखान्यातले कोरणारे हात मात्र निनावी राहिले.

त्या कवायतीपुढे शिपायाचे काय होते? ते नान्सीच्या झाक कालोने दाखविले. १६३३ साली फ्रेंच फौजांनी नान्सी घेतले. त्याच साली त्याची युद्धाच्या हालांची १८ चित्रे निघाली. तो तंतुवाद्ये करणाऱ्यांचे कठीण रोगण पत्र्यावर लावी, सुईने ते खरवडी आणि उघडे पडलेले तांबे तेजाबाने खाववी. दूरच्या रेघा लवकर झाकायच्या, जवळच्या अधिक वेळ खाऊ द्यायच्या. त्यामुळे वीतभर चित्रात मैलभर रान मावते. त्यात भरती आहे, लूट आहे, झाडाला टांगलेले लुटारू शिपाई आहेत; आणि पुढे रस्त्याकडेला भीक मागत मरणारे लंगडे-पांगळेही आहेत.

ही चित्रे भिंगाखाली पाहावीत. तो पांगळा शिपाई नखाएवढाही नाही. पण त्याची कुबडी कोरणाऱ्याने विसरलेली नाही.