चौकोनी व्होल्वोचे ड्रिफ्टिंग

घसरणीवरचा ताबा

वळणावर गाडीची मागची चाके बाहेर घसरू लागली की सामान्य चालक ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी सरळ करण्याची खटपट करतो. ड्रिफ्टिंगमध्ये हीच घसरण हेतुपुरस्सर सुरू केली जाते आणि वळण संपेपर्यंत टिकवली जाते. टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीला एक कमाल मर्यादा असते. ती पकड गाडी पुढे ढकलण्यात खर्च झाली, तर गाडीला आडवे सरकण्यापासून रोखायला थोडीच उरते. मागची चाके गाडीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने फिरवली की मागचा भाग बाहेर जातो. अशा वेळी गाडी प्रत्यक्षात जिकडे चालली आहे त्या दिशेला पुढची चाके वळवून, म्हणजे वळणाच्या उलट स्टीअरिंग देऊन, तोल सांभाळला जातो. घसरणीचा कोन किती राहील हे स्टीअरिंगइतकेच ॲक्सिलरेटरवर ठरते. त्यामुळे मागच्या चाकांना गती देणारी गाडी ही या खेळाची पहिली अट आहे.

रूढ गाड्या आणि एक अपवाद

या शैलीचा उगम जपानमधला. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी यांनी शर्यतीत घसरत वळणे घेतली, केइची त्सुचिया यांनी तीच शैली लोकप्रिय केली आणि २००१ पासून डी-वन ग्रांप्री या मालिकेने तिला स्पर्धेचे रूप दिले. त्यामुळे टोयोटाची एई८६ आणि निस्सानची सिल्व्हिया या हलक्या, आखूड गाड्या ड्रिफ्टिंगच्या रूढ गाड्या ठरल्या. स्वीडन आणि नॉर्वेमध्ये मात्र बर्फामुळे आणि खडीच्या रस्त्यांवरील रॅलीमुळे घसरत्या गाडीशी परिचय जुनाच होता. वळणाआधी गाडीला क्षणभर उलट दिशेला झुकवून मग झोल देण्याचे तंत्र आजही ‘स्कँडिनेव्हियन फ्लिक’ म्हणूनच ओळखले जाते. या प्रदेशातील हौशी चालकांनी जी गाडी उचलली ती कुटुंबासाठी बनवलेली, चौकोनी, संथ अशी ख्याती असलेली व्होल्वो २४०. सुरक्षितता आणि टिकाऊपणा यांसाठी घेतलेले तिच्या रचनेतील निर्णय ड्रिफ्टिंगच्या कामी कसे आले, आणि कुठे आडवे आले, हे पाहण्यासारखे आहे.

गाडीची घडण

व्होल्वोने १९७२ मध्ये सुरक्षिततेच्या प्रयोगांसाठी बनवलेल्या गाडीतील अनेक कल्पना २४० मध्ये उतरल्या. १९७४ मध्ये बाजारात आलेल्या या मालिकेचे उत्पादन १९९३ पर्यंत चालले आणि २८ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. दोन दारांची २४२, चार दारांची २४४ आणि मागे सामानाची मोठी जागा असलेली २४५ हे तिचे मुख्य प्रकार. धडकेची ऊर्जा शोषून घेण्यासाठी पुढचा आणि मागचा भाग लांब ठेवलेला, मधला प्रवासी कक्ष भक्कम. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर सुमारे २.६५ मीटर, म्हणजे एई८६ पेक्षा पाव मीटर जास्त. हे अंतर जास्त असले की गाडी सावकाश फिरते. गिरकी सुरू व्हायला वेळ लागतो, पण हाताबाहेर जायलाही वेळ लागतो. नवशिक्या चालकाला चूक सुधारण्यासाठी जो अर्धा क्षण हवा असतो तो ही गाडी देते. कौशल्य शिकण्याच्या दृष्टीने हा तिचा सर्वांत मोठा गुण मानायला हवा.

मागचा सलग ॲक्सल

२४० ची दोन्ही मागची चाके एकाच सलग, ताठ ॲक्सलला जोडलेली असतात. ॲक्सलला कॉइल स्प्रिंगांचा आधार असतो, लांब दांडे त्याला पुढे-मागे सरकू देत नाहीत आणि ‘पॅनहार्ड रॉड’ नावाचा आडवा दांडा त्याला डावी-उजवीकडे जाण्यापासून रोखतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये गाडी झुकली की चाकाचा उभा कोन बदलतो. सलग ॲक्सलमध्ये तो जवळपास बदलत नाही, टायरचा पट्टा रस्त्यावर सपाट राहतो, आणि म्हणून मागची पकड कधी सुटेल याचा अंदाज बांधता येतो. खडबडीत रस्त्यावर मात्र एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. सांध्यांतील मूळ रबरी बुश जुने होऊन सैल पडले असतील, तर ॲक्सल स्वतःच वाकडातिकडा हलतो आणि चालकाला गाडीचा अंदाज येईनासा होतो. कठीण पॉलियुरेथेनचे बुश बसवणे हा खर्चाच्या मानाने फार मोठा फरक पाडणारा बदल आहे.

डिफरन्शियल

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. ड्रिफ्टिंगमध्ये हीच सोय अडचण ठरते, कारण भार कमी झालेले आतले चाक नुसते गरगरते आणि बाहेरचे पकड सोडतच नाही. व्होल्वोने काही गाड्यांना बर्फातून निघण्यासाठी आपोआप लॉक होणारे डिफरन्शियल दिले होते. पण ते कमी वेगापुरतेच होते. ताशी सुमारे ४० किमीच्या पुढे त्याची यंत्रणा लॉक होऊच देत नाही. त्यामुळे ते ट्रॅकवर निरुपयोगी. स्वस्त उपाय म्हणजे आतले गिअर वेल्डिंगने कायमचे जोडून टाकणे. मग दोन्ही चाके नेहमी एकाच गतीने फिरतात. याची किंमत पार्किंगच्या जागेत कळते: तिथे गाडी वळवताना टायर फरफटतात, ॲक्सलच्या दांड्यांवर पीळ पडतो आणि गाडी रोजच्या वापराची राहत नाही. मर्यादित घसरण देणारे डिफरन्शियल महाग, पण सर्वार्थाने उत्तम.

ब्रेकचा पेच

सुरक्षिततेची रचना आणि ड्रिफ्टिंगची गरज यांचा खरा संघर्ष ब्रेकमध्ये दिसतो. १९६६ च्या १४० मालिकेपासून व्होल्वोने ब्रेकच्या द्रवाचे दोन स्वतंत्र मार्ग त्रिकोणी पद्धतीने विभागले. प्रत्येक मार्ग पुढची दोन्ही चाके आणि मागचे एक चाक सांभाळतो. त्यासाठी पुढच्या प्रत्येक कॅलिपरमध्ये चार पिस्टन असतात, दोन एका मार्गाचे आणि दोन दुसऱ्याचे. एक मार्ग फुटला तरी तीन चाकांचे ब्रेक लागतात. ही कल्पना २४० मध्येही आली.

ड्रिफ्टिंगमध्ये घसरण सुरू करायला किंवा तिचा कोन वाढवायला मागची चाके क्षणभर जाम करावी लागतात. मूळ हँडब्रेक डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रमवर केबलने चालतो. तो गाडी उभी ठेवण्यासाठी आहे. वेगात वारंवार ओढला तर त्याचे लायनर लवकर झिजतात. म्हणून द्रवाच्या दाबावर चालणारा उभा हँडब्रेक बसवतात, जो थेट मागच्या डिस्क दाबतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या इतर बहुतेक गाड्यांत मागच्या ब्रेकची नळी एकाच मार्गातून येते, त्यामुळे हे काम सोपे. २४० मध्ये मागच्या दोन चाकांचे मार्ग वेगळे आहेत. घाईने दोन्ही नळ्या एकत्र जोडल्या तर दोन मार्गांचे स्वातंत्र्यच नष्ट होते आणि एका गळतीत सगळे ब्रेक जाण्याचा धोका उभा राहतो. योग्य उपाय दोन आहेत. एक, दोन सिलिंडरांचा हँडब्रेक बसवून प्रत्येक मार्ग वेगळाच ठेवणे. दुसरा, सगळी जुळणी नव्याने करून एक मार्ग पुढच्या आणि एक मागच्या चाकांना देणे. दोन्हींत श्रम आणि खर्च आहे. तरीही गाडीतील एखाद्याच गोष्टीवर सढळ हाताने खर्च करायचा असेल, तर ती हीच असावी.

इंजिन आणि गिअरबॉक्स

२४० ची चार सिलिंडरांची इंजिने लाल रंगवलेल्या लोखंडी ब्लॉकमुळे ‘रेडब्लॉक’ म्हणून प्रसिद्ध आहेत. सुरुवातीचे बी२१ सुमारे २.१ लिटरचे, नंतरचे बी२३० सुमारे २.३ लिटरचे. टर्बो लावलेल्या २४० ची मूळ ताकद १५५ अश्वशक्ती होती. हे इंजिन शर्यतीतही उतरले आणि १९८५ मध्ये जानफ्रांको ब्रांकातेल्ली व थॉमस लिंडस्ट्रॉम यांनी २४० टर्बो चालवत युरोपियन टूरिंग कार स्पर्धेचे विजेतेपद मिळवले. हौशी बांधणीत बहुधा पुढच्या काळातील ७४० किंवा ९४० चे टर्बो इंजिन घेतले जाते, कारण ते त्याच कुळातले आहे. सुरुवातीच्या बी२३० मध्ये कनेक्टिंग रॉड सडपातळ होते, नंतर ते जाड केले गेले. टर्बोचा दाब वाढवायचा असेल तर इंजिन कोणत्या वर्षीचे आहे हे आधी तपासणे आवश्यक ठरते.

इंजिनाची जागा ऐसपैस आहे, आणि त्यालाही कारण आहे. याच सांगाड्यात २६० मालिकेचे सहा सिलिंडरांचे व्ही-आकाराचे इंजिन आणि फोक्सवॅगनकडून घेतलेले सहा सिलिंडरांचे एका रांगेतील डिझेल इंजिनही बसवले जात असे. त्यामुळे बीएमडब्ल्यूची लांब किंवा अमेरिकी व्ही-८ इंजिनेही तिथे मावतात. पण ताकद वाढली की दुबळा दुवा गिअरबॉक्समध्ये सापडतो. २४० चा पाच गतींचा एम४७ फार ताण सोसत नाही. ९४० मधील एम९० अधिक मजबूत असल्याने त्याला मागणी असते.

पुढची चाके

घसरणीचा कोन जितका मोठा, तितकी पुढची चाके उलट वळली पाहिजेत; ती टोकाला पोहोचली की गाडी गिरकी घेते. मूळ २४० जेमतेम दहा मीटर व्यासात वळते, कारण इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असल्याने चाकांना वळायला भरपूर मोकळीक आहे. हा तिचा जन्मजात फायदा. कोन आणखी वाढवण्यासाठी चाकाला जोडलेली स्टीअरिंगची भुजा आखूड करतात: रॅक तेवढाच सरकतो, चाक जास्त वळते, स्टीअरिंग मात्र जड होते. चाकाचा वळणअक्ष मागे कलता ठेवला, म्हणजे ‘कॅस्टर’ वाढवला, की घसरणीत चाके आपोआप प्रवासाच्या दिशेला वळू लागतात. अनुभवी चालक स्टीअरिंग क्षणभर सैल सोडतात ते याच भरवशावर.

उष्णता, वायरिंग, गंज

आडव्या चालणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून पुरेशी हवा मिळत नाही, इंजिन मात्र सतत उच्च फेऱ्यांवर असते. मोठा रेडिएटर आणि विजेचा पंखा लागतो. पॉवर स्टीअरिंगचे तेलही तापते, त्यालाही कूलर द्यावा लागतो. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातील व्होल्वो गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचे आवरण काळाने ठिसूळ होऊन गळून पडते. अशा गाडीत टर्बोच्या आधी वायरिंग बदलावे. पत्र्याच्या गंजाची तपासणी त्याही आधी, कारण सस्पेन्शन आणि सुरक्षा-पिंजरा ज्या जागी जोडायचा तिथलाच पत्रा कुजका असेल तर बाकी सारे काम व्यर्थ.

ट्रॅक-दिवस

ट्रॅक-दिवशी ठरावीक शुल्क भरून बंद ट्रॅकवर गाडी चालवता येते. नॉर्वेतील रुडस्कोगेन येथील ‘गातेबिल’ मेळावा यासाठी ख्यात आहे. स्वीडनमध्ये मांतोर्प पार्क आहे, तसेच १९७३ ते १९७८ दरम्यान फॉर्म्युला वनची शर्यत भरलेला, विमानाच्या धावपट्टीचाच सरळ भाग म्हणून उपयोग करणारा आंदरस्तोर्प. प्रवेशापूर्वी तेलगळती, बॅटरीची बांधणी, गाडी ओढण्याचा हूक आणि हेल्मेट तपासले जाते. ड्रिफ्टिंगचे गट वेगळे ठेवतात, कारण आडवी चाललेली गाडी सरळ वेगात येणाऱ्याच्या वाटेत येते. दिवसाचा मोठा खर्च टायरचा. पुढे चांगल्या पकडीचे आणि मागे स्वस्त, कठीण रबराचे टायर ही हौशी चालकांची सर्वसाधारण रीत आहे.

महाराष्ट्रातल्या गाड्या

२४० च्या रचनेला लावलेली कसोटी महाराष्ट्रात बनलेल्या गाड्यांनाही लावून पाहता येते. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी आणि ११८एनई या दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या, सलग ॲक्सलच्या गाड्या. पद्मिनीचा ॲक्सल पाट्यांवर बसलेला असल्याने जोर लावताच पाटे पिळले जातात आणि ॲक्सल थरथरतो. फियाट १२४ वर आधारलेल्या ११८एनईला कॉइल स्प्रिंग आणि पॅनहार्ड रॉड आहेत, म्हणजे रचना २४० च्या जवळची. अडचण ताकदीची आहे. तिचे १२०० सीसीच्या आतले निस्सान इंजिन कोरड्या डांबरावर मागच्या चाकांची पकड सहज तोडू शकत नाही. ओल्या किंवा मातीच्या पृष्ठभागावर ती तंत्र शिकवू शकेल.

मर्यादा

सुमारे १३०० किलोची, लांब २४० एका वळणातून उलट दिशेच्या वळणात झोल घेताना सिल्व्हियापेक्षा मागे पडते. दोन गाड्या जोडीने धावतात त्या स्पर्धेत हा फरक लगेच दिसतो. रस्त्यावर पुन्हा नेण्याचा विचार असेल तर आखूड केलेल्या स्टीअरिंगच्या भुजा आणि बदललेले ब्रेक वाहन-तपासणीत अडू शकतात, म्हणून अशा गाड्या ट्रॅकपर्यंत बहुधा ट्रेलरवरच जातात. गाडी निवडतानाही एक भान हवे. लांब दारांमुळे पिंजऱ्यात शिरणे सोपे, म्हणून २४२ ला पसंती मिळते. पण तिचे उत्पादन १९८४ मध्येच थांबले आणि चांगल्या स्थितीतील नमुने कमी होत आहेत. पत्रा कापून, पिंजरा वेल्ड करून केलेले बदल मागे घेता येत नाहीत. म्हणून अशा बदलांसाठी आतून साधी, सांगाडा मात्र शाबूत असलेली चार दारांची २४४ घ्यावी आणि मूळ रूपातील २४२ जतन करणाऱ्यांसाठी ठेवावी.