पोपला पाखंडी ठरवणारी परिषद

धर्माशी द्रोह करणारा पोप म्हटलं की बहुतेकांना बोर्जिया घराणं आठवतं. अनौरस मुलं, पैसे चारून मिळवलेली गादी, वर विषप्रयोगाच्या दंतकथा. कॅथलिक धर्मशास्त्राला मात्र अशा पोपांनी फारसं कोड्यात टाकलेलं नाही. गुरू पापी असला तरी त्याच्या हातून झालेला बाप्तिस्मा खराच, कारण संस्कार ख्रिस्ताचा असतो, हे संत ऑगस्टीन यांनी उत्तर आफ्रिकेतल्या दोनातवाद्यांशी भांडताना कधीच मांडून ठेवलं होतं. खरी अडचण होते ती सज्जन गुरूनेच शिकवण सैल सोडली तर.

पोप होनोरियस पहिले (६२५–६३८) हे असे सज्जन होते. बांधकामाची त्यांना हौस होती. व्हीनस आणि रोमा यांच्या ओसाड मंदिरावरची ब्राँझची कौलं त्यांनी संत पेत्राच्या महामंदिरावर चढवली. तिकडे कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राट हेराक्लियस इराण्यांशी लढून थकला होता. इजिप्त आणि सिरियातल्या ख्रिस्ती प्रजेला ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेचा, म्हणजे ख्रिस्तात दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव आहेत हा, निर्णय मान्य नव्हता. त्यांना जवळ आणण्यासाठी कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे तिथले धर्मप्रमुख, सर्जियस यांनी तोडगा काढला: स्वभाव दोन, पण इच्छा एकच. ६३४ च्या सुमारास त्यांनी रोमला पत्र लिहिलं. होनोरियसनी उत्तर धाडलं की हा काथ्याकूट व्याकरणवाल्यांसाठी सोडा, वाद वाढवू नका. आणि जाता जाता ख्रिस्ताची इच्छा एकच, असंही लिहून गेले.

वाद वरवर शब्दांचा वाटतो, पण तसा तो नव्हता. गेथशेमाने बागेत मरणाचा पेला टळावा म्हणून विनवणारा येशू खरोखर घाबरला होता की नाही, इथपर्यंत तो जातो. मानवी इच्छाच नसेल तर त्या रात्रीचं आज्ञापालन नाटक ठरतं.

होनोरियस वारले त्याच वर्षी हेराक्लियसने 'एक इच्छा' फर्मान काढून लादली. ६४८ मध्ये सम्राट दुसरा कॉन्स्टन्स याने या विषयावर बोलायलाच बंदी केली. गंमत अशी की ज्यांच्यासाठी ही तडजोड, ते इजिप्त आणि सिरिया तोवर अरबांच्या हाती गेले होते! पोप मार्टिन पहिले यांनी ६४९ मध्ये लॅटरन इथे सभा भरवून हा सिद्धान्त धिक्कारला. सम्राटाच्या माणसांनी त्यांना पकडून नेलं आणि ६५५ मध्ये क्रिमियातल्या खेर्सोन इथे, हद्दपारीत, ते गेले. याच सिद्धान्ताला विरोध करणारे संन्यासी माक्सिमस यांची ६६२ मध्ये जीभ आणि उजवा हात कापला. होनोरियस ज्या वादाला व्याकरणाचा म्हणाले, त्याची ही किंमत.

६८०–६८१ च्या तिसऱ्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत सर्जियसबरोबर होनोरियसचं नावही पाखंड्यांच्या यादीत आलं, त्यांचं पत्र जाळायचा हुकूम झाला. पोपचे दूत तिथे हजर होते. त्यांनी हरकत घेतली नाही. पुढे पोप लिओ दुसरे यांनी निर्णयाला मान्यता दिली, पण दोष थोडा वेगळा मांडला: होनोरियसनी पाखंडाची आग विझवायची ती विझवली नाही, हलगर्जीपणाने भडकू दिली. मला हा बदल फार नेमका वाटतो. रखवालदाराने चोरी केली नव्हती, कडी लावली नव्हती.

त्यानंतर कित्येक वर्षं नवे पोप गादीवर बसताना जी शपथ घेत, तिच्या मसुद्यातही होनोरियसचा धिक्कार होता. बाराव्या शतकात ग्रेशियनच्या कायदासंग्रहात पोपचा न्याय कुणी करू नये असं म्हणतानाच, तो श्रद्धेपासून ढळलेला आढळला तर गोष्ट वेगळी, असा अपवाद नोंदवलेला सापडतो.

१८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेत पोपच्या अस्खलनशीलतेवर, म्हणजे त्यांच्या शिकवणीत चूक होऊ शकत नाही या तत्त्वावर, चर्चा सुरू झाली, तेव्हा बाराशे वर्षांपूर्वीचं हे प्रकरण पुन्हा बाहेर निघालं. परिषदांचा इतिहास लिहिणारे जर्मन बिशप हेफेले यांनी तेच पुढे करून विरोध केला. १८ जुलैच्या अंतिम मतदानात विरोधी मतं दोनच पडली, कारण पुष्कळ विरोधक आधीच रोम सोडून गेले होते, हेफेलेही त्यांत होते. मात्र संमत झालेली व्याख्या चांगलीच आखडती होती: पोप साऱ्या ख्रिस्तसभेचे गुरू या नात्याने श्रद्धेबद्दल किंवा नीतीबद्दल अंतिम निर्णय जाहीर करतात, तेवढ्यापुरतीच अस्खलनशीलता लागू. एका पॅट्रिआर्कला धाडलेलं पत्र त्यात बसत नाही, असं तिचे समर्थक तेव्हापासून सांगत आले आहेत. हेफेले यांनी पुढच्या वर्षी आपल्या धर्मप्रांतात तो निर्णय प्रसिद्ध केला.