ग्रीक अक्षरांत नहपान

नाचणगाव-पुलगावच्या नाणेप्रेमींनो, ग्रीक नाण्यांचा वारसा महाराष्ट्राच्या मातीतही आहे! १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, शक क्षत्रप राजा नहपानाची. दर्शनी बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं, पण शब्द प्राकृत. मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी-खरोष्ठी लेख. चेहऱ्याची ही रीत इंडो-ग्रीकांकडून आलेली. चेहरे निरखून पाहाच, काही तरुण, काही वयस्कर.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर स्वतःची चिन्हं ठोकली: तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह. ती वितळवली नाहीत, हे आपलं भाग्य. कित्येकांवर ठशाखालून नहपान अजून ओळखू येतो. पुढे सातवाहनांनीही स्वतःच्या चेहऱ्याची चांदीची नाणी पाडली.