फवारणीचे विष आणि शरीरातील विकरे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस, द्राक्षे व डाळिंब यांवर औषध मारणाऱ्यांमध्ये, वर्षानुवर्षे फवारणी केली की अंगाला तिची सवय होते, अशी समजूत आढळते. क्लोरपायरिफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जातंतूंचे संदेश वेळेवर थांबवणाऱ्या ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला (विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) निकामी करतात. लागोपाठच्या फवारण्यांत लक्षणे बोथट होतात म्हणून सवय झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात विकराचा साठा भरून येण्यास काही आठवडे लागत असल्याने तो घटलेलाच असतो, आणि अशा वेळी थोडी जास्त मात्राही जिवावर बेतू शकते.

यकृत विष मारते, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. क्लोरपायरिफॉस मूळ रूपात तुलनेने सौम्य असते. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरेच त्याचे ‘ऑक्सॉन’ या कितीतरी जहाल रूपात रूपांतर करतात, आणि ते रूप फोडण्याचे काम यकृतातच तयार होऊन रक्तात फिरणारे पॅराऑक्सोनेज-१ हे विकर करते. त्याचे जनुक ७ व्या गुणसूत्रावर असून, त्यानुसार या प्रथिनाच्या १९२ व्या स्थानी कोणात ग्लुटामिन, तर कोणात आर्जिनिन हे अमिनो आम्ल असते. आर्जिनिनचा प्रकार क्लोरपायरिफॉसचे ऑक्सॉन अधिक वेगाने फोडतो, पण सारिन या युद्धवायूपुढे तोच मंद ठरतो. त्यामुळे एखाद्याचे जनुक सरसकट चांगले वा वाईट ठरवता येत नाही.

‘आमच्या घराण्याला औषध बाधत नाही’ हा दावाही टिकत नाही, कारण सख्ख्या भावंडांतही जनुकाचे प्रकार वेगळे असू शकतात, आणि प्रकार एकच असला तरी रक्तातील विकराचे प्रमाण माणसागणिक दहा पटींहून अधिक बदलते. शिवाय इतर अनेक कीटकनाशकांवर हे विकर जवळजवळ निरुपयोगी आहे. जनुकतपासणी करून कोणाला निर्धोक फवारता येईल हे ठरवणे म्हणूनच शक्य नाही. नवजात बाळात हे विकर आईच्या मानाने बरेच कमी असते. लहानग्याला बागेच्या बांधावर झोळीत निजवून शेजारी पंप चालवणे त्यामुळे विशेष धोक्याचे आहे.

फवारणीनंतर दूध प्यायले किंवा गूळ खाल्ला की विष उतरते, ही समजूत सर्वांत घातक आहे, कारण गळक्या पंपाने पाठीला चिकटलेल्या सदऱ्यातून विष कातडीवाटे शिरत राहते आणि मौल्यवान वेळ वाया जातो. कपडे तात्काळ उतरवून अंग साबणाने धुवावे. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या किंवा श्वासाचा त्रास दिसताच, ॲट्रोपिन हा या विषावरील उतारा मिळेल अशा रुग्णालयात औषधाच्या डब्यावरील लेबलासह रुग्णाला न्यावे.